ठोका ओळखणारं यंत्र तयार आहे, पण ते गावापासून किती मिनिटांवर?

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या आठवडी बाजारात एक माणूस कोसळला. वय पन्नाशीच्या आतबाहेर. मिरच्या विकायला बसला होता. गिऱ्हाईकाला सुट्टे पैसे देता देता पोत्यावर कलंडला. मी बातमीच्या कामानं तिथंच होतो. लोक धावले. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी तळपाय चोळले. शेवटी एका भाजीवाल्याच्या पिकअपमध्ये घालून त्याला १८ किलोमीटरवर दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी तपासून मान हलवली.

मी संध्याकाळी चार ओळींची बातमी टाकली, 'हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू'. आज ती ओळ मला खटकते. कारण त्याला नेमकं काय झालं होतं हे कोणालाच माहीत नव्हतं. कोसळला तेव्हा त्याच्या छातीला एकही वायर लागली नाही, ईसीजीची पट्टी निघालीच नाही. आम्ही पत्रकार मंडळी अशा प्रत्येक मृत्यूला 'झटका' लिहून मोकळे होतो.

सध्या मोबाईलवर दर आठवड्याला एखादा व्हिडिओ येतो. लग्नात नाचताना कोसळला, क्रिकेट खेळताना कोसळला. त्याच्याखालीच जाहिरात येते, हे घड्याळ घाला, ते तुमचं हृदय सांभाळेल. कॉम्प्युटर आता डॉक्टरापेक्षा चांगला ईसीजी वाचतो अशाही बातम्या येतात. यात खरं किती, आणि आपल्या तालुक्यातल्या माणसाला त्याचा उपयोग किती, याचा हिशोब मांडायचा हा प्रयत्न आहे.

पाइप तुंबणं वेगळं, करंट बिघडणं वेगळं

शेतकऱ्याला हे समजायला सोपं आहे. विहिरीवरच्या मोटारीला दोन प्रकारचे रोग होतात. एक, पाइप तुंबतो. दुसरा, करंटचा घोळ होतो. हृदयाचंही तसंच आहे.

हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबली की त्याला हार्ट अटॅक म्हणतात. माणूस शुद्धीवर असतो, छातीत दाबल्यासारखं होतं, घाम सुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो. हातात थोडा वेळ असतो.

करंटचा घोळ झाला तर मात्र वेळ नसतो. हृदयाच्या वरच्या भागात एक नैसर्गिक स्टार्टर आहे. तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा बारीक करंट सोडतो आणि त्या तालावर हृदय आवळतं. कधी कधी खालच्या मोठ्या कप्प्यांत करंट भलतीकडूनच उठतो आणि हृदय दीडशे-दोनशेच्या वेगानं पळायला लागतं. याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. त्याहून वाईट म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. त्यात हृदय आवळतच नाही, नुसतं थरथरतं. एक फेज गेल्यावर मोटार हुं हुं करते पण पाणी फेकत नाही, अगदी तसंच. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. नाडी लागत नाही.

पाइप तुंबल्यामुळे करंट बिघडू शकतो, म्हणून दोन्ही एकाच माणसाला होऊ शकतं. पण उपाय वेगळे आहेत. थरथरणाऱ्या हृदयाला छातीवरून विजेचा झटका द्यावा लागतो. सिनेमात दाखवतात तसं झटक्यानं बंद हृदय सुरू होत नाही. उलट झटका सगळा गोंधळ क्षणभर थांबवतो, म्हणजे मूळचा स्टार्टर पुन्हा ताबा घेऊ शकतो. पट्टीवर सरळ रेष असेल तर झटक्याचा उपयोग नाही.

म्हणूनच झटका द्यायच्या आधी कोणीतरी ठोका ओळखायला पाहिजे. आणि तिथंच कॉम्प्युटर कामाला येतो.

कॉम्प्युटर नेमकं काय बघतो

ईसीजीच्या पट्टीवर दिसणारा करंट फार बारीक असतो, साधारण एका मिलिव्होल्टच्या आसपास. त्यात घरातल्या लाईटचा ५० हर्ट्झचा खरखराट मिसळतो, श्वासाबरोबर रेष वरखाली होते. कॉम्प्युटर आधी हा कचरा गाळतो. मग प्रत्येक ठोक्याचं उंच टोक शोधतो. टोकं सापडली की त्यांच्यातलं अंतर मोजतो, टोक अरुंद आहे का रुंद ते बघतो. रुंद टोकं आणि तीही भराभर, तर धोका. टोकंच सापडत नाहीत, नुसत्या वेड्यावाकड्या लाटा आहेत, तर मोठा धोका.

हे आजचं नाही. जियापु पॅन आणि विलिस टॉम्पकिन्स या दोघांनी १९८५ साली टोकं शोधायची एक रीत छापली. तपासणीत तिनं ९९.३ टक्के ठोके बरोबर पकडले. तपासणीसाठी वापरलेला साठा अमेरिकेत बोस्टन इथं तयार झाला होता. त्यात ४७ माणसांच्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी होत्या, आणि त्यातल्या एक लाखाहून जास्त ठोक्यांवर डॉक्टरांनी हातानं खुणा केल्या होत्या. आजही अनेक संशोधक आपला प्रोग्रॅम आधी याच ४८ नोंदींवर पारखून बघतात.

गेल्या काही वर्षांत रीत बदलली. आता कॉम्प्युटरला नियम सांगत नाहीत, हजारो उदाहरणं दाखवतात. २०१९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी ५३,५४९ रुग्णांच्या ९१,२३२ नोंदी वापरून असा प्रोग्रॅम शिकवला. तो १२ प्रकार ओळखत होता. ओळखण्यात तो हृदयरोगतज्ज्ञांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी सरस ठरला. 'डॉक्टरापेक्षा चांगला' या बातम्यांचं मूळ अशा अभ्यासांत आहे.

पण त्या १२ प्रकारांकडे नीट बघा. त्यातला एक प्रकार होता निव्वळ 'कचरा', म्हणजे ही नोंद वाचण्यासारखीच नाही हे ओळखणं. आणि बाजारात माणूस क्षणात पाडणारं व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन त्या बारांत नव्हतंच. छातीला पट्टी चिकटवून हिंडणाऱ्या, चालत्याबोलत्या माणसांच्या त्या नोंदी होत्या. म्हणून बातमी वाचताना मशीन काय ओळखायला शिकलंय हे आधी विचारायचं.

घड्याळाचंही तेच. ईसीजी काढणारी घड्याळं मुख्यतः वरच्या कप्प्यांचा बेताल ठोका, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ओळखण्यासाठी आहेत. ते उपयोगाचं आहे, कारण त्या आजारात रक्ताची गाठ होऊन लकवा मारू शकतो. पण घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही आणि कोसळलेल्याला झटकाही देत नाही.

तात्यांची थरथर

मशीन चुकतं कसं, हे मी घरातच बघितलं. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, थंडीच्या दिवसांत रात्रपाळीच्या लाईटवर गव्हाला पाणी देऊन पहाटे घरी आले. छातीत धडधड होतेय म्हणाले. मी त्यांना गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. अंगात ओला शर्ट, दात वाजतायत. शर्ट काढून तसंच टेबलावर झोपवलं आणि वायरी लावल्या. पट्टीवर मशीननं वरच्या बाजूला इंग्रजीत छापलं, व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. ठोके १९०. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

सिस्टरनं मात्र आधी तात्यांचं मनगट धरलं. घड्याळाकडे बघत नाडी मोजली. ८४, आणि एका लयीत. त्या म्हणाल्या, "दादा, घोंगडी आहे का सोबत?" छाती कोरडी पुसली, अंगावर पांघरूण घातलं, हात स्थिर झाल्यावर पुन्हा वायरी लावल्या. दुसरी पट्टी साफ आली. मशीननं थंडीनं होणारी अंगाची थरथर हृदयाची समजली होती. डॉक्टर आल्यावर तात्यांनीच विचारलं, "साहेब, मशीन खोटं बोललं का?" डॉक्टर म्हणाले, "नाही तात्या, त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. त्याला तुमचा थंडगार हात दिसत नव्हता."

ही फक्त आपल्याकडची अडचण नाही. मोठमोठ्या दवाखान्यांतल्या अतिदक्षता विभागात खोट्या घंटा इतक्या वाजतात की खरी वाजली तरी दुर्लक्ष होण्याची भीती असते. २०१५ साली फिजिओनेट या ठिकाणी जगभरच्या इंजिनिअरांसाठी याच विषयाची स्पर्धा ठेवली होती, खोट्या घंटा कमी कशा करायच्या, पण खरी एकही कशी सुटू द्यायची नाही.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. मशीनवर धोक्याचं नाव छापून आलं म्हणून रडारड करायची नाही, आणि 'ते मशीन असंच काहीतरी छापतं' म्हणून सोडूनही द्यायचं नाही. नाडी बघायची आणि पट्टी पुन्हा काढायची.

शिकागोच्या विमानतळावरचा हिशोब

कोसळलेल्या माणसासाठी वेगळं यंत्र असतं, एईडी. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडं मोठं. दोन चिकट पॅड छातीवर लावायचे, बाकी सगळं ते बोलून सांगतं. ठोका वाचताना 'रुग्णाला हात लावू नका' असं सांगतं, कारण हलवलं तर तात्यांसारखीच गफलत व्हायची. काही सेकंदांत ठरवतं, झटका द्यायचा की नाही. गरज नसेल तर बटण दाबूनही ते झटका देत नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशननं १९९७ साली याच्या अटी घातल्या. ठळक फिब्रिलेशन असेल तर १०० पैकी ९० हून जास्त वेळा ते पकडलं पाहिजे, आणि सरळ चालणाऱ्या हृदयाला १०० पैकी ९९ हून जास्त वेळा झटका नाकारला पाहिजे. म्हणजे यंत्र बनवणाऱ्यांनी अडाणी हात धरूनच हिशोब केला आहे.

हे कागदावरच राहिलं का? नाही. शिकागो शहराच्या विमानतळांवर चालत दीड मिनिटाच्या आत सापडतील अशी ही यंत्रं भिंतीवर लावली. त्याचा दोन वर्षांचा हिशोब २००२ साली छापून आला. २१ माणसं कोसळली, त्यातल्या १८ जणांना फिब्रिलेशन होतं. ११ जणांना परत आणता आलं. वर्षभरानं १० जण धडधाकट जिवंत होते. वाचवणारे बहुतेक सगळे येणारे-जाणारे लोक होते. वाचलेल्या ११ पैकी ६ जणांच्या बाबतीत यंत्र चालवणाऱ्याला त्याचं प्रशिक्षण नव्हतं, मात्र त्यातले तीन जण डॉक्टरकी शिकलेले होते.

आणि आता यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. चार जणांच्या वेळी यंत्र जवळ नव्हतं किंवा पाच मिनिटांत लावलं गेलं नाही. त्या चारपैकी एकही वाचला नाही. शहर तेच आणि यंत्रंही तीच होती. फरक मिनिटांचा होता.

डॉक्टर सांगतात, कोसळल्यावर काहीच केलं नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. छाती दाबत राहिलं तर ही घट ३ ते ४ टक्क्यांवर येते. आता आमच्या बाजारापासूनचे १८ किलोमीटर घ्या. आपल्या रस्त्यावर गाडी ४० च्या वेगानं गेली तरी २७ मिनिटं. दवाखान्यात जगातला सगळ्यात हुशार कॉम्प्युटर बसवला तरी त्याच्यापुढे येते ती सरळ रेष.

आपल्याकडे काय आहे

सगळंच अंधारात आहे असं नाही. राज्यात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे. ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली, त्यात २३३ गाड्या जास्त सामग्रीच्या होत्या. आरोग्य विभागानं काही जिल्ह्यांत 'स्टेमी महाराष्ट्र' हा प्रकल्प राबवला आहे. तिथं ग्रामीण रुग्णालयात काढलेला ईसीजी इंटरनेटवरून जातो, आधी कॉम्प्युटर वाचतो, मग तज्ज्ञ डॉक्टर खात्री करतात आणि निरोप परत येतो. ज्या तालुक्यात हृदयाचा डॉक्टर नाही तिथं ही मोठी सोय आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाला कुठं आणि किती घाईनं न्यायचं हे काही मिनिटांत कळतं.

शेतकऱ्यासाठी आणखी एक गोष्ट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं अंगात गेली तर इतर त्रासाबरोबर हृदयाचा ठोकाही बिघडू शकतो. पट्टीवर क्यूटी नावाचं एक अंतर असतं, ते वाढलं की धोक्याच्या ठोक्याची शक्यता वाढते. कॉम्प्युटर हे अंतर आपोआप मोजून छापतो. म्हणून फवारणीनंतर गरगरलं, घाम-लाळ सुटली, तर दवाखान्यात औषधाचा डबा दाखवा आणि ईसीजी काढायला सांगा.

थोडक्यात, कॉम्प्युटरची कामं दोन आहेत. एक, धोका आधी सांगणं. ते काम दवाखान्यातलं मशीन करू शकतं. दोन, कोसळल्यावर झटका द्यायचा की नाही ठरवणं. ते काम गावातच व्हायला पाहिजे. पहिल्या कामाची सोय हळूहळू होतेय. दुसऱ्याचं नावही ग्रामसभेत निघत नाही.

ग्रामसभेत काय विचारायचं

प्रत्येक वाडीवर एईडी बसवा असं मी म्हणणार नाही. यंत्र लाखाच्या आसपास जातं. पॅड आणि बॅटरी ठरावीक वर्षांनी बदलावी लागते, नाहीतर व्यायामशाळेच्या गंजलेल्या सामानासारखी त्याचीही गत होईल. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात ते वर्षानुवर्षं लागणारही नाही. पण आठवडी बाजार, यात्रा, साखर कारखाना, बसस्थानक, मोठं मंगल कार्यालय, इथं रोज किंवा दर आठवड्याला हजारो माणसं येतात. तिथं एक यंत्र आणि ते कुठं टांगलंय हे माहीत असलेली दहा माणसं, एवढं मागणं जास्त नाही. वित्त आयोगाचा अबंधित निधी आरोग्याच्या कामाला वापरता येतो. हायमास्ट दिव्याला ठराव होतो तर यालाही होऊ शकतो. शेजारच्या तीन-चार ग्रामपंचायती मिळून बाजाराच्या गावी घेऊ शकतात.

आरोग्य केंद्रातही विचारा. ईसीजी मशीन चालू आहे का? पट्टीचा कागद आणि जेल आहे का? लाईट गेली तर बॅटरीवर चालतं का? वायरी लावायला शिकलेलं माणूस सगळ्या पाळ्यांना असतं का? मशीनच्या हुशारीची चर्चा या चार प्रश्नांनंतर करू.

स्वतःच्या पातळीवरही करण्यासारखं आहे. घरात कोणाचा ईसीजी काढला तर लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तो कागद उष्णतेवर छापणारा असतो, काही महिन्यांत पुसट होतो. जुनी पट्टी हाताशी असली की नवीन बदल डॉक्टरला पटकन दिसतो. विनाकारण चक्कर येऊन पडणं, घरात कोणी तरुण वयात अचानक गेलेलं असणं, हे डॉक्टरला सांगायची लाज बाळगू नका.

आणि समोर कोणी कोसळलं तर हाक मारा, खांदे हलवा. उत्तर नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर तो श्वास समजू नका. एकानं १०८ लावायचा. दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. दमलात तर दुसऱ्यानं घ्यायचं, पण थांबायचं नाही. पाणी पाजायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. एईडी असेल तर एकानं पळत आणायचं.

त्या दिवशी बाजारात आम्ही शंभरेक माणसं होतो. दोनशे हात होते. एकानंही छाती दाबली नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. त्यात मीही होतो, बारावी शिकलेला, बातम्या लिहिणारा. दाबली असती तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. पण गाडी येईपर्यंतची मिनिटं आमच्या हातात होती आणि ती आम्ही कांदा फोडण्यात घालवली. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. आपल्याही गावात कोणीतरी मांडावा.